भाडे की मुक्काम? जपानच्या मिन्पाकु कायद्यावर भाष्य

जपानमध्ये घर विकत घ्यायला परदेशी माणसाला राष्ट्रीयत्वाची आडकाठी नाही. म्हणून सुट्टीत आपण राहू, एरवी भाड्याने देऊ, असा बेत सहज ठरतो. पण त्यातला 'भाड्याने' हा शब्दच तिथल्या कायद्यापुढे टिकत नाही; येत्या-जात्या पाहुण्याला घर देणे हे तिथे भाडे नव्हे, मुक्काम ठरते. घरात पाहुणे ठेवण्याच्या व्यवसायाचा, म्हणजे मिन्पाकुचा, कायदा जून २०१७ मध्ये संमत झाला आणि १५ जून २०१८ पासून लागू आहे. कलमांचा आशय माझ्या शब्दांत देतो.

कलम २ : स्वयंपाकघर, न्हाणीघर, शौचालय, तोंड धुण्याची सोय असलेली आणि राहण्यासाठी वापरात असलेली वास्तू म्हणजे घर.

'वापरात असलेली' हे पद निर्णायक आहे. मालक कायम राहतो, भाडेकरूचा शोध चालू आहे, किंवा मालक अधूनमधून येऊन राहतो, ही तिन्ही घरे त्यात येतात. सुट्टीचे घर तिसरे. निव्वळ पाहुण्यांसाठी घेतलेली, कोणीच कधी न राहिलेली नवी सदनिका मात्र बाहेर राहते.

तेच कलम : मोबदला घेऊन, वर्षाला १८० दिवसांपर्यंत, लोकांना मुक्कामाला ठेवणे म्हणजे मिन्पाकु व्यवसाय.

मर्यादा व्याख्येतच घातली आहे, आणि हे मला फार महत्त्वाचे वाटते. १८१ व्या दिवशी तुम्ही या व्यवसायातूनच बाहेर पडता आणि १९४८ च्या सराई-हॉटेलांच्या कायद्याच्या कक्षेत जाता. दिवस मोजायचा दुपारी १२ ते दुपारी १२, वर्ष १ एप्रिलच्या दुपारपासून. शुक्रवारी संध्याकाळी आलेला पाहुणा रविवारी सकाळी गेला तर दोन दिवस. एकाच रात्री दोन खोल्यांत दोन वेगळी कुटुंबे उतरली तरी दिवस एकच, कारण मोजणी घराची होते.

कलम १८ नुसार स्थानिक शासन ही मर्यादा आणखी आवळू शकते. क्योतोमध्ये निव्वळ निवासी भागांत, काही अपवाद सोडता, मध्य जानेवारी ते मध्य मार्च एवढाच काळ मिळतो. म्हणजे चेरीचा बहर येण्याआधीची थंडी. घर बघायला जाण्याआधी तिथला स्थानिक नियम वाचावा.

कलम ३ : राज्यपालाकडे सूचना दाखल करून व्यवसाय करता येतो.

शब्द आहे 'तोदोकेदे', कळवणे. सराईला 'क्योका' लागते, परवानगी. कळवणे सोपे वाटते, पण इमारतीच्या सोसायटीच्या नियमांत मनाई असेल तर वाट तिथेच बंद होते.

कलम ९ आणि १० : आवाज, कचरा, आग यांबद्दल पाहुण्याला समजावून सांगावे, शेजाऱ्यांच्या तक्रारीला लगेच उत्तर द्यावे.

माझ्या मते कायद्याचा प्राण इथे आहे. जपानमध्ये कचरा वेगळा करून ठरल्या वारी बाहेर ठेवतात. पाहुण्याला हे माहीत नसते. चुकीच्या वारी ठेवलेली पिशवी तशीच पडून राहते आणि रोज शेजारच्या आजींच्या नजरेस पडते. परदेशी पाहुण्याला हे त्याला कळेल अशा भाषेत सांगणे मालकाचे कर्तव्य आहे.

कलम ११ : मालक हजर नसताना व्यवस्था नोंदणीकृत व्यवस्थापकाकडे सोपवावी.

पुण्यात राहणाऱ्याला यातून सुटका नाही. ओळखीच्या माणसाकडे किल्ली ठेवून भागत नाही. व्यवस्थापकाचा मोबदला हिशेबात पहिल्या दिवसापासून धरावा.

करांविषयी हा कायदा बोलत नाही.

तरी भाडे आणि मुक्काम हा भेद तिथेही चालतो. राहत्या घराच्या भाड्यावर उपभोग कर नाही; मिन्पाकुच्या मुक्कामावर तो १० टक्के आहे. दोन वर्षांपूर्वीची करपात्र विक्री १ कोटी येनपर्यंत असेल तर सहसा तो भरावा लागत नाही. मिन्पाकुची मिळकतही घरभाड्याच्या शीर्षाखाली न धरता सर्वसाधारणपणे 'इतर उत्पन्ना'त धरतात, कारण पाहुण्याला जागेबरोबर सेवाही दिलेली असते. परदेशस्थ मालकाने तिथे करप्रतिनिधी नेमून विवरणपत्र भरायचे, मुदत १६ फेब्रुवारी ते १५ मार्च.

भारतात निवासी असलेल्याला जगभरातले उत्पन्न इथे दाखवावे लागते. घराची नोंद परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात येते आणि तिथे भरलेल्या आयकराची वजावट भारत-जपान करारानुसार मागता येते. अडचण वर्षांची आहे. जपानचे आयकर वर्ष जानेवारी ते डिसेंबर, आपले एप्रिल ते मार्च. कलम ८ पाहुण्यांची नोंदवही ठेवायला लावते, ती तीन वर्षे जपायची असते. त्याच वहीत प्रत्येक मुक्कामापुढे मिळालेली रक्कम आणि ती जमा झाल्याची तारीख लिहिली, तर दोन्ही देशांचे हिशेब तिच्यातूनच निघतात.