तपकिरी बाटली आणि तिची वही

संभाजीनगर–दौलताबाद भागातल्या भंगारवाल्याला रिकाम्या बिअरच्या बाटल्यांची पारख शिकवावी लागत नाही. ६५० मिलिलिटरची, जाड बुडाची, तपकिरी बाटली तो वेगळ्या पोत्यात टाकतो आणि तोंडाला टवका उडालेली बाजूला काढतो. शहराच्या औद्योगिक वसाहतींत बिअरचे कारखाने आहेत, आणि ही बाटली धुऊन पुन्हा भरता येते. म्हणून तिला भाव. परदेशात घरी बिअर करणारा हौशी माणूस बाटल्या निवडतो तेव्हा नेमक्या याच गोष्टी पाहतो. शिवाय तो एक वही ठेवतो. बाटली आणि वही, दोघींचीही कुळे हौशीत नाहीत. एकीचे स्फोटात आहे, दुसरीचे करवसुलीत.

आधी बाटली. १६१५ साली इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याने काचभट्ट्यांत लाकूड जाळायला बंदी केली, कारण लाकूड आरमाराला हवे होते. भट्ट्या दगडी कोळशावर गेल्या, आच वाढली आणि काच काळपट पण दणकट झाली. तोवरची बाटली टेबलावर मिरवण्यापुरती होती. आता ती आतला दाब सोसू लागली. बिअरला हे हवेच होते. बाटलीत भरतानाही तिच्यातले यीस्ट जिवंत असते. लिटरमागे सहा-सात ग्रॅम साखर घालून झाकण लावले की ते ती साखर खाते, वायू तयार होतो आणि ग्लासात फेस चढतो. साखर जास्त झाली की बाटली फुटते.

गडद रंगाचा खरा उपयोग पुढे कळला. बिअरला कडूपणा देणाऱ्या हॉप्सच्या फुलांमधल्या द्रव्यांवर निळा-जांभळा प्रकाश पडला की गंधकयुक्त दुर्गंध तयार होतो. तपकिरी काच तो प्रकाश अडवते. हिरवी फारसा अडवत नाही आणि पारदर्शक मुळीच नाही. तरी हिरव्या बाटलीला उंची समजणारे लोक आहेत. तो जाहिरातीचा विजय, काचेचा नव्हे. बाल्टिमोरच्या विल्यम पेंटरने १८९२ साली दातेरी पत्र्याच्या झाकणाचे पेटंट घेतले आणि बाटलीची घडण जवळजवळ पूर्ण झाली.

वहीची गोष्ट अधिक रंगतदार आहे. १७७०च्या सुमारास हॅम्पशरमधल्या ऑल्टनच्या जेम्स बॅव्हरस्टॉक या तरुणाने द्रवाची घनता मोजणारे हायड्रोमीटर बिअरच्या काढ्यात बुडवायला सुरुवात केली, तीही वडिलांपासून लपून. काढ्यात साखर जितकी जास्त, तितकी घनता जास्त. बापाला असले नवे खूळ पसंत नव्हते. लंडनचा बडा बिअर कारखानदार सॅम्युअल व्हिटब्रेड याने त्याला वाटेला लावले. हेन्री थ्रेल या दुसऱ्या कारखानदाराने मात्र ऐकून घेतले. १७८४ साली हलच्या जॉन रिचर्डसनने घनतेच्या मोजमापावर पुस्तकच लिहिले. आकडे मांडल्यावर एक गंमत उघडी पडली: स्वस्त म्हणून घेतलेल्या तपकिरी माल्टमधून, म्हणजे मोड आणून भाजलेल्या धान्यातून, साखर इतकी कमी निघे की महाग फिकट माल्टच किफायतशीर ठरे. लंडनच्या पोर्टर या काळ्या बिअरची कृती या हिशेबाने बदलली. चवीने सांगितले नव्हते ते जमाखर्चाने सांगितले.

मग सरकारला त्या आकड्याचा वास लागला. १८८० साली पंतप्रधान ग्लॅडस्टनने माल्टवरचा कर काढून आंबवण्याआधीच्या काढ्याच्या घनतेवर कर बसवला. नोंद ठेवणे आता सक्तीचे झाले आणि घरी बिअर करणाऱ्यालाही परवाना लागू लागला. ती अट इंग्लंडात थेट १९६३ साली उठली. वही मात्र राहिली. साहेबासाठी लिहायची ती आपल्यासाठी लिहिली जाऊ लागली.

आपल्याकडे नोंदीचा कागद मिळायला दूर जावे लागत नसे. दौलताबादहून खुलताबादकडे जाताना कागजीपुरा लागतो. तिथल्या हातकागदाची परंपरा मुहम्मद तुघलकाने १३२७ साली इथे राजधानी आणली तेव्हापासूनची सांगतात. दप्तरी लिखाणाला दौलताबादी कागदाचे नाव मोठे होते.

हौशी माणसाच्या वहीत काय असावे? माल्ट, हॉप्स आणि यीस्ट किती, तापमान, भरण्याची तारीख, घातलेली साखर, आणि सर्वांत आधी घनतेचे दोन आकडे. सुरुवातीला १.०५०, शेवटी १.०१० असेल तर मद्यार्क सव्वापाच टक्क्यांच्या आसपास. १.०२० वरच घाईने बाटल्या भरल्या, तर वरून घालायच्या साखरेच्या जवळपास तिप्पट साखर आतच उरलेली असते. मग जाड काचही तारत नाही. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तर नाहीच.

अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने एका प्रौढाला वर्षाला १०० गॅलन आणि दोन प्रौढांच्या घराला २०० गॅलन बिअर घरच्या वापरासाठी करमुक्त करता येते. तिथल्या मराठी घरांनी वही जरूर घालावी. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे, आणि परवान्याशिवाय घरी बिअर करणे हा गुन्हा आहे.