पंगतीतून उठलेला पेत्र

आपल्या बीडकडं ख्रिस्ती झालेल्या माणसाला दोन सवाल हमखास विचारत्यात. धर्म बदलला, मग जात गेली का? आणि तुमच्या बायबलात जातीबद्दल काय लिव्हलंय?

आधी दुसरा घेऊ. गलतीकरांस पत्र, अध्याय 3, वचन 28. ख्रिस्तात यहुदी-ग्रीक, गुलाम-स्वतंत्र, बाई-बाप्या हा भेद उरत नाही, असं पौल तिथं सांगतो. काही म्हणत्यात, ही मेल्यानंतरची गोष्ट. मागचा अध्याय वाचा. अंत्युखियात पेत्र परजातीयांच्या पंगतीला जेवायचा. याकोबाकडची माणसं आली अन् तो भिऊन बाजूला झाला. पौलानं त्याला सगळ्यांदेखत सुनावलं. म्हणजे हे वचन भाकरीच्या भांडणातून आलंय.

शेजारच्या नगरात अमेरिकन मिशन 1831 ला आलं. बीड तेव्हा निजामाकडं. नगर भागात पुढं महार-मांगांची घरंच्या घरं ख्रिस्ती झाली. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. 1956 ला शीख, 1990 ला बौद्ध आत घेतले. ख्रिस्ती दलित अजून बाहेरच. कारण काय, तर त्यांच्या धर्मात जात नाही! कायद्यानं पौलाचं वचन खरं धरलं, गावानं कुठं धरलं? पाणवठ्यावर बाप्तिस्म्याचा दाखला कोण बघतो?

आता पहिला सवाल. त्याचं उत्तर आपल्याच घरात तपासा. सोयरीक जुळवताना ख्रिस्ती माणसानं पहिली जात विचारली, तर पेत्र पुन्हा पंगतीतून उठला समजा. तेव्हा तोंडावर बोलणारा पौल आपल्यातनंच निघाला पाहिजे.