नव्या राज्यात वसतिस्थानाची निवड : फाळणीनंतरच्या सिंधी विस्थापितांचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

१९४७ च्या फाळणीत पंजाब आणि बंगाल हे प्रांत विभागले गेले. सिंध मात्र संपूर्णपणे पाकिस्तानात समाविष्ट झाला. हा फरक वरकरणी प्रशासकीय वाटत असला, तरी विस्थापितांच्या दृष्टीने तो निर्णायक ठरला. पश्चिम पंजाबातून आलेल्या कुटुंबाला पूर्व पंजाबात स्वतःची भाषा बोलणारा समाज आणि परिचित लोकजीवन लाभले. सिंधमधून निघालेल्या हिंदू कुटुंबासाठी भारतात सिंधीभाषक असा एकही प्रांत उरला नव्हता. साहजिकच नव्या राज्यात कोठे राहावयाचे हा प्रश्न त्याच्यासाठी केवळ निवाऱ्याचा राहिला नाही. उपजीविका, नातेसंबंध, मुलांचे शिक्षण आणि भाषेचे भवितव्य या सर्वांचा निर्णय त्या एका निवडीत सामावलेला होता.

फाळणीच्या इतिहासलेखनात सिंधी विस्थापितांचा विचार बहुधा उद्यमशीलतेच्या यशोगाथेच्या स्वरूपात केला जातो. त्यांनी वस्तीची ठिकाणे कशी निवडली, ती निवड कितपत मोकळी होती आणि तिची कोणती किंमत त्यांना मोजावी लागली, याकडे तुलनेने कमी लक्ष गेले आहे. प्रस्तुत निबंधात मुंबई राज्य व कच्छ येथील वसाहतींच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

सिंध आणि मुंबई यांचा पूर्वसंबंध

इ. स. १८४३ मध्ये इंग्रजांनी सिंध जिंकला आणि १८४७ मध्ये तो मुंबई इलाख्यास जोडला. १ एप्रिल १९३६ रोजी स्वतंत्र प्रांत होईपर्यंत सिंधचा कारभार मुंबईहून चालत होता. या सुमारे नऊ दशकांच्या संबंधातून अनेक बंध निर्माण झाले. शिक्षणखात्यात काम करणारे नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी गृहस्थांचे नाव कराचीतील एका नामवंत शाळेस दिले गेले. १८८७ मध्ये स्थापन झालेले कराचीचे डी. जे. सिंध महाविद्यालय मुंबई विद्यापीठाशी संलग्न होते. सिंधचे स्वतंत्र विद्यापीठ १९४७ मध्येच अस्तित्वात आले. त्यामुळे सिंधमधील पदवीधराच्या हाती असलेली पदवी बहुधा मुंबईचीच असे.

व्यापाराचे बंध याहूनही जुने होते. शिकारपूरचे सराफ आणि हैदराबादचे ‘सिंधवर्की’ व्यापारी मुंबईला आपल्या व्यवहाराचे एक प्रमुख केंद्र मानत. कराची व मुंबई या बंदरांमध्ये नियमित जलवाहतूक होती. म्हणजेच मुंबईत पाऊल ठेवणाऱ्या सिंधी कुटुंबास प्रदेश नवा असला, तरी तेथील बाजारपेठ, न्यायालय, विद्यापीठ आणि पेढी यांचा परिचय पूर्वीपासून होता. १९३६ च्या विभाजनाला सिंधमधील हिंदूंनी विरोध केला होता. जो संबंध तुटू नये अशी त्यांची इच्छा होती, त्याच संबंधाच्या आधाराने त्यांना अकरा-बारा वर्षांनी आश्रय शोधावा लागला.

स्थलांतराचे मार्ग आणि सामाजिक स्तर

१९४१ च्या जनगणनेनुसार सिंधची लोकसंख्या सुमारे ४५ लाख होती व तीत हिंदूंचे प्रमाण एक चतुर्थांशाहून थोडे अधिक होते. हा समाज प्रामुख्याने शहरांत व कसब्यांत राहणारा होता. फाळणीनंतर लगेच सर्वांनी सिंध सोडला नाही. डिसेंबर १९४७ मधील हैदराबादची दंगल आणि ६ जानेवारी १९४८ रोजीची कराचीतील दंगल यांनंतर मात्र स्थलांतराला वेग आला.

प्रवासाचे दोन प्रमुख मार्ग होते. कराचीहून आगबोटीने मुंबई वा काठियावाडची बंदरे गाठता येत, तर रेल्वेने मीरपूर खासमार्गे जोधपूरकडे जाता येई. ज्या मार्गाने कुटुंब निघाले त्या मार्गानेच पुष्कळदा त्याचे पहिले वसतिस्थान ठरले. रेल्वेने आलेली अनेक कुटुंबे जोधपूर, अजमेर व जयपूर या भागांत राहिली. आगबोटीने आलेली मुंबईत उतरली. नकाशा समोर ठेवून गाव निवडण्याची उसंत फार थोड्यांना लाभली.

तथापि पहिला मुक्काम हाच अंतिम मुक्काम ठरला असे नाही. पुढील दोन-तीन वर्षांत पुन्हा मोठी हालचाल झाली आणि निवडीचा खरा प्रश्न याच टप्प्यावर उद्भवला. शासकीय नोकरी, वकिली, अध्यापन अशा व्यवसायांतील आमिलांचा ओढा मुंबई व पुणे या शहरांकडे होता. व्यापारी भाईबंदांपैकी ज्यांच्या पेढ्या पूर्वीपासून परप्रांतांत वा परदेशांत होत्या, त्यांना त्या पेढ्यांनीच दिशा दाखविली. ज्यांच्याजवळ ना पदवी होती ना पेढी, अशा लहान दुकानदारांना, कारागिरांना व श्रमिकांना शासकीय छावणीवाचून दुसरा आधार नव्हता. सारांश, निवडीचे स्वातंत्र्य सर्वांस सारखे नव्हते. ते सिंधमध्ये असतानाच्या सामाजिक स्थानानुसार विभागले गेले होते.

शासनाची भूमिका

पूर्व पंजाबात स्थलांतरित मुसलमानांनी मागे ठेवलेली विस्तीर्ण शेतजमीन निर्वासितांना वाटता आली. मुंबई प्रांतात अशी जमीन आणि घरे तुलनेने फारच कमी होती. शिवाय आलेला समाज शेतकरी नसल्याने जमीनवाटपाचे सूत्र येथे उपयोगी पडण्यासारखे नव्हते. मुंबई शहर युद्धकाळापासूनच घरटंचाईने त्रस्त होते. विस्थापितांची गर्दी शहरात साचू नये, असे प्रांतिक सरकारचे धोरण होते. १९४८ च्या मुंबई निर्वासित अधिनियमाने विस्थापितांची नोंदणी आणि त्यांच्या निवासाचे नियमन यांसंबंधी अधिकार शासनाकडे घेतले.

दुसऱ्या महायुद्धाच्या समाप्तीनंतर रिकाम्या झालेल्या लष्करी व युद्धकालीन छावण्या या वेळी उपयोगी पडल्या. कल्याण, देवळाली, पिंपरी, चेंबूर आदी ठिकाणी विस्थापितांची सोय करण्यात आली. कोल्हापूरजवळील वळीवडे येथील उदाहरण विशेष लक्षणीय आहे. महायुद्धाच्या काळात तेथे पोलंडमधील निर्वासितांची छावणी होती. ते निघून गेल्यावर सिंधी कुटुंबे त्याच जागी वसविण्यात आली आणि ती वस्ती पुढे गांधीनगर या नावाने कापडाची मोठी घाऊक बाजारपेठ म्हणून प्रसिद्धीस आली. म्हणजे जागा शासनाने दिली. परंतु तिचे गावात रूपांतर तेथे टिकून राहण्याचा निर्णय घेणाऱ्या लोकांनी केले.

दोन वसाहती : गांधीधाम आणि उल्हासनगर

वसतिस्थानाच्या निवडीमागील तत्त्वे समजून घेण्यासाठी गांधीधाम आणि उल्हासनगर यांची तुलना उद्बोधक ठरते.

विखुरलेल्या सिंधी समाजासाठी एक स्वतंत्र नगर असावे ही कल्पना भाई प्रताप दियालदास यांनी मांडली. कच्छची कच्छी बोली सिंधीला जवळची, हवामान परिचित आणि भूमी सिंधला लागून असलेली; त्यामुळे या नगरासाठी कच्छची निवड झाली. महात्मा गांधींच्या प्रोत्साहनाने कच्छच्या महारावांनी सुमारे १५,००० एकर जमीन उपलब्ध करून दिली. त्यासाठी स्थापन झालेल्या सिंधू रिसेटलमेंट कॉर्पोरेशनचे अध्यक्षपद आचार्य कृपलानी यांच्याकडे होते. गांधीजींच्या निधनानंतर फेब्रुवारी १९४८ मध्ये नगराचा प्रारंभ झाला व त्यास त्यांचेच नाव देण्यात आले. कराची गेल्याने पश्चिम किनाऱ्यावर नव्या बंदराची निकड निर्माण झाली होती. कस्तुरभाई लालभाई यांच्या अध्यक्षतेखालील समितीने कांडल्याची शिफारस केली आणि जानेवारी १९५२ मध्ये पंडित नेहरूंनी बंदराची कोनशिला बसविली. भाषा, भूगोल आणि भावी उद्योग या तिन्ही कसोट्यांवर कच्छची निवड सयुक्तिक होती.

याउलट कल्याणची छावणी कोणत्याही सामाजिक आराखड्यानुसार उभी राहिलेली नव्हती. सैनिकांच्या तात्पुरत्या मुक्कामासाठी बांधलेल्या लांबच लांब बराकींत पडदे व गोणपाट लावून कुटुंबांसाठी आडोसे करण्यात आले होते. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते येथे नव्या नगराची पायाभरणी झाली आणि उल्हास नदीवरून त्यास उल्हासनगर हे नाव मिळाले. येथील भाषा मराठी, पाऊस कोकणचा, जागा अपुरी. सिंधची आठवण करून देणारे त्या भूमीत काहीही नव्हते.

असे असूनही १९५१ च्या जनगणनेत उल्हासनगरची लोकसंख्या ८० हजारांवर गेली आणि १९६१ मध्ये तिने एक लाखाचा टप्पा ओलांडला. गांधीधाम बंदराच्या आधाराने वाढले, समृद्धही झाले. परंतु संपूर्ण सिंधी समाजाला एकत्र आणण्याचे मूळ स्वप्न तेथे साकार होऊ शकले नाही. याचे कारण काळ व अंतर यांत आढळते. कांडला ते डीसा हा रेल्वेमार्ग १९५२ मध्ये सुरू होईपर्यंत गांधीधामचा देशाच्या मुख्य रेल्वेजाळ्याशी थेट संबंध नव्हता. बंदर पूर्ण होण्यास आणखी काही वर्षे लागणार होती. हातावर पोट असलेल्या कुटुंबाला इतका काळ थांबणे अशक्य होते. कल्याणहून मात्र लोकल गाडीने त्याच दिवशी मुंबईची बाजारपेठ गाठता येई. सकाळी घाऊक बाजारातून माल घ्यावयाचा, अल्प नफ्यावर तो गाडीत वा फुटपाथवर विकावयाचा आणि रात्री बराकीत परतावयाचे, असा क्रम अनेकांनी स्वीकारला. घरांत स्त्रियांनी पापड व लोणची तयार करून उत्पन्नात भर घातली. भविष्यातील बंदरापेक्षा आजची आगगाडी त्यांना अधिक विश्वासार्ह वाटली, असे म्हणता येईल.

निवडीची किंमत

बाजारपेठेच्या जवळ राहण्याचा निर्णय आर्थिकदृष्ट्या यशस्वी ठरला. तथापि त्याची किंमत भाषेला मोजावी लागली. अनेक राज्यांत विखुरलेला समाज कोणत्याही विधानसभेत भाषेच्या बळावर प्रभावी ठरू शकत नव्हता. १९५६ मध्ये भाषावार प्रांतरचनेने राज्यांच्या सीमा बदलल्या आणि १९६० मध्ये मुंबई राज्याचे महाराष्ट्र व गुजरात असे विभाजन झाले. ज्या संमिश्र, बहुभाषक मुंबई राज्यात सिंधी कुटुंबांनी वास्तव्य पत्करले होते, ते राज्यच त्यांच्या डोळ्यांदेखत संपुष्टात आले. उल्हासनगर महाराष्ट्रात व गांधीधाम गुजरातमध्ये गेले. घर न सोडताही या समाजाला दुसऱ्यांदा नव्या राज्याचे रहिवासी व्हावे लागले.

सिंधी भाषेचा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत समावेश व्हावयास १९६७ साल उजाडावे लागले. लिपी अरबी वळणाची असावी की देवनागरी, या वादाने समाजातील शिक्षितांमध्ये दोन तट पडले. व्यवहारासाठी मराठी, गुजराती वा हिंदी आणि प्रगतीसाठी इंग्रजी अशी विभागणी झाल्यावर सिंधी ही हळूहळू घरापुरती मर्यादित होत गेली.

ही झीज भरून काढण्याचे प्रयत्न प्रामुख्याने शिक्षणसंस्थांनी केले. कराचीच्या डी. जे. सिंध महाविद्यालयातून आलेल्या प्राध्यापकांच्या पुढाकाराने १९४८ मध्ये मुंबईत जय हिंद महाविद्यालय सुरू झाले. सिंधमधील हैदराबादच्या नॅशनल महाविद्यालयाची परंपरा प्राचार्य के. एम. कुंदनानी व बॅरिस्टर होतचंद अडवाणी यांनी १९४९ मध्ये वांद्रे येथे पुन्हा उभी केली. १९५४ मध्ये किशिनचंद चेलाराम महाविद्यालय स्थापन झाले. या संस्थांचे एक वैशिष्ट्य नोंद घेण्यासारखे आहे. त्या समाजाच्या आधाराने उभ्या राहिल्या, परंतु अल्पावधीतच सर्व भाषिक विद्यार्थ्यांच्या झाल्या. त्यामुळे त्यांनी समाजाला नव्या शहरात प्रतिष्ठा मिळवून दिली. मात्र सिंधी ही ज्ञानाची भाषा म्हणून टिकवून धरणे त्यांना शक्य झाले नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, विस्थापितांच्या संदर्भात ‘सक्ती’ आणि ‘निवड’ या दोन टोकांच्या संज्ञा अपुऱ्या पडतात. पहिले ठिकाण बहुतांशी मार्ग आणि शासन यांनी ठरविले. तेथे राहावयाचे की पुढे जावयाचे हे मात्र कुटुंबांनी ठरविले. दुसरा असा की, पूर्वीचे संबंध, रोजची मिळकत आणि मुलांचे शिक्षण या गोष्टींनी परिचित भूमी व जवळची बोली यांवर मात केली. तिसरा निष्कर्ष धोरणाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. नियोजित नगर कितीही सुविचारित असले, तरी पहिल्या दिवसापासून उपजीविका देण्याची क्षमता त्यात नसेल, तर गरजू माणूस त्याकडे वळत नाही.

शेवटी, ज्या कुटुंबांनी गांधीधामऐवजी उल्हासनगरची बराक पत्करली, त्यांना भाषेची आस्था नव्हती असे मानणे अन्यायाचे होईल. मुलांच्या पोटाचा प्रश्न आणि भाषेच्या भवितव्याचा प्रश्न एकाच वेळी समोर आला, तेव्हा त्यांनी पहिल्याला अग्रक्रम दिला. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर व्यक्तींनी नव्हे, तर राज्यसंस्थेने द्यावयाचे होते. ते उशिरा व अपुरे मिळाले. धरणे, महामार्ग व औद्योगिक प्रकल्प यांच्यासाठी होणाऱ्या स्थलांतरांचा विचार करताना घराचे क्षेत्रफळ आणि मोबदल्याची रक्कम यांपलीकडे पाहणे का आवश्यक आहे, हे सिंधी समाजाच्या या अनुभवावरून स्पष्ट होते.