राजधानीचे वैभव आणि कामरेजची शाळा
तापीकाठचे कामरेज बडोदे संस्थानाच्या नवसारी प्रांतात, म्हणजे आजच्या जिल्ह्यासारख्या विभागात, मोडत असे. त्यामुळे तिसऱ्या सयाजीराव गायकवाडांच्या राजधानीत जे घडे, त्याचे पडसाद येथवर पोहोचत. बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्याची भव्यता आजही डोळे दिपवते. परंतु त्याहून मोलाचे ठरले ते 1890 मध्ये सुरतेच्या त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने उभे राहिलेले कलाभवन, जेथे रंगकामासारख्या हस्तोद्योगांचे शास्त्रशुद्ध शिक्षण मिळे. 1893 मध्ये अमरेलीत आरंभलेले सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण 1906 मध्ये संस्थानभर लागू झाले, आणि पुढे फिरत्या ग्रंथालयाच्या लाकडी पेट्या, निवडक पुस्तकांनी भरून, राजधानीतून खेडोपाडी रवाना होऊ लागल्या.