बाल्बियानी कडी : दर्शन आणि पुरावा

१८८१ मध्ये बाल्बियानी यांनी कायरोनोमस या कीटकाच्या अळीच्या लालाग्रंथींत पट्टेदार महारंगसूत्रे पाहिली. त्यांवरील मोठ्या फुगवट्यांना पुढे त्यांचेच नाव मिळाले. हे फुगवटे क्रियाशील जनुकांची स्थाने होत, असे मत बेअरमान यांनी १९५२ मध्ये मांडले. १९५४ मध्ये त्यांना व बार यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तेथे तंतूंना लगडलेले कण दिसले.

तथापि कणांचे दर्शन म्हणजे जनुकक्रियेचा पुरावा नव्हे. तो अन्य मार्गांनी मिळाला. पेलिंग यांनी १९५९ मध्ये किरणोत्सर्गी युरिडिनच्या साहाय्याने फुगवट्यांतील आरएनए-निर्मिती दाखविली. बेअरमान यांनी १९६१ मध्ये दोन जातींच्या संकरातून लालास्रावातील कणांचा संबंध एका विशिष्ट कडीशी जोडला. १९६५ मध्ये मुखर्जी व बेअरमान यांनी किरणोत्सर्गी खुणेचीच पद्धत ड्रॉसोफिलाच्या एक्स रंगसूत्रास लावली. भारतीय संशोधकाचा या परंपरेशी आलेला हा संबंध लक्षणीय होय.

त्यानंतरच सूक्ष्मदर्शकातील चित्र बोलके झाले. १९६६ मध्ये स्टीव्हन्स व स्विफ्ट यांनी सुमारे ५० नॅनोमीटर व्यासाचे तेच कण केंद्रकाच्या छिद्रांतून बाहेर पडताना टिपले. सारांश, यंत्राने स्थान दाखविले. त्याचा अर्थ मात्र आनुवंशिकी व रसायनशास्त्र यांनीच लावला.