नट दिग्दर्शक होतो तेव्हां

नाटकमंडळ्यांच्या काळापासून आपल्याकडे एक समजूत चालत आली आहे, ती अशी कीं, जो उत्तम नट तो उत्तम तालीममास्तरहि असलाच पाहिजे. उलट, चित्रपटाच्या धंद्यांत मुरलेलीं माणसें असें बोलतांना ऐकूं येतात कीं, नटाच्या हातीं चित्राचीं सूत्रें दिलीं म्हणजे भांडवलाचें वाटोळें झालेंच म्हणून समजावें. या दोन्ही मतांना इतिहासांत हवा तितका पुरावा सांपडतो. आणि ज्या प्रश्नाच्या दोन्ही बाजूंना भरपूर पुरावा सांपडतो तो प्रश्न बहुधा नीट मांडलेला नसतो, असा आमचा अनुभव आहे.

या विषयाकडे आमचें लक्ष प्रथम वळलें तें मात्र पुस्तकांमुळें नव्हे. सुमारें तीस वर्षांपूर्वीं, आम्ही नोकरीस लागलों त्या सुमारास, महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनासाठीं एक तीन अंकी नाटक बसविण्याचें काम आमच्याकडे आलें, आणि मुख्य भूमिकाहि आम्हींच घेतली. तालमी सहा आठवडे चालल्या. प्रयोगाच्या रात्रीं दुसऱ्या अंकांत प्रेक्षागृहांतून खोकल्याचे आवाज येऊं लागले. दोष कोठें आहे हें आम्हांला कांहीं केल्या कळेना. पुढें विंगेंत पुस्तक धरून उभ्या असलेल्या विद्यार्थ्यानें भीत भीत सांगितलें, "सर, तुम्ही बोलूं लागलांत कीं बाकीचे सगळे तुमचें बोलणें संपण्याची वाट पाहत उभे राहतात." तें त्यानें तालमींतहि पाहिलें होतें. आम्हांला तें दिसणें शक्यच नव्हतें, कारण त्या वेळीं आम्ही बोलत होतों.

मूकपटांच्या काळांत हा प्रश्न कोणी विचारीत नसे. विनोदी नट हाच आपल्या चित्राचा लेखक, दिग्दर्शक आणि पुष्कळदां मालकहि असे. चार्ली चॅप्लिन आणि बस्टर कीटन हीं त्यांतलीं सर्वश्रुत नांवें. कीटननें क्लाइड ब्रकमन याच्या जोडीनें दिग्दर्शित केलेलें 'दि जनरल' हें १९२६ सालचें चित्र. अमेरिकन यादवी युद्धांत एका एंजिन-ड्रायव्हरचें लाडकें एंजिन शत्रूचे हेर पळवून नेतात आणि तो एकटा त्याच्या पाठीस लागतो, एवढीच त्याची कथा. ऑरेगॉन संस्थानांत कॉटेज ग्रोव्ह गांवाजवळ एका नदीवर खरा लांकडी पूल बांधून, तो पेटवून, त्यावरून खरेंखुरें एंजिन नदींत कोसळविण्यांत आलें. दुसरा प्रयत्न करणें शक्यच नव्हतें. त्या एंजिनाचें धूड पुढें कित्येक वर्षें नदींतच पडून होतें. दुसऱ्या महायुद्धांत भंगारासाठीं तें बाहेर काढलें. इतका खर्च करून झालेलें चित्र पडलें. पोट धरून हंसावयास आलेल्या प्रेक्षकांना एंजिनें आणि धूर पाहून काय करावें तें समजलें नाहीं, आणि टीकाकारांनींहि त्याला झोडपलें. १९२८ सालीं कीटन मेट्रो-गोल्डविन-मेयर कंपनीच्या नोकरींत शिरला. ती आपल्या आयुष्यांतली सर्वांत मोठी चूक होती असें तो पुढें म्हणत असे. अमेरिकेंत राष्ट्रीय ठेवा म्हणून जतन करावयाच्या चित्रपटांची पहिली यादी १९८९ सालीं जाहीर झाली, तींत 'दि जनरल' आहे.

येथें आम्हांला एक भेद करावासा वाटतो. चित्र पडणें वेगळें आणि चित्र फसणें वेगळें. पडलें कीं नाहीं हें तिकिटाच्या खिडकीवर ठरतें, फसलें कीं नाहीं हें पडद्यावर. कीटनचें चित्र पडलें, पण फसलें नव्हतें. त्या चित्रांत एंजिन प्रचंड आहे आणि माणूस इवलासा आहे. नटाला स्वतःचा मोह पडला असता तर तें प्रमाण नेमकें उलटें झालें असतें.

चॅप्लिनची गोष्ट निराळी. तो स्वतःच्याच चित्रगृहाचा, म्हणजे जेथें चित्रें तयार होतात त्या कारखान्याचा, धनी होता. एकच प्रसंग दिवसचे दिवस पुन्हां पुन्हां घ्यावा, पडद्यावर पाहावा, नापसंत करावा आणि टाकून द्यावा, ही चैन त्याला परवडत असे. 'सिटी लाइट्स' (१९३१) मधील आंधळ्या फुलवालीच्या पहिल्या भेटीचा प्रसंग त्यानें याच रीतीनें घडविला. म्हणजे कॅमेऱ्यापुढें असतांना जें दिसत नाहीं, तें पाहावयास तो दुसऱ्या दिवशीं प्रेक्षक होऊन बसे. परंतु तोच चॅप्लिन १९६७ सालीं 'ए काउंटेस फ्रॉम हाँगकाँग' या चित्रांत स्वतः जवळजवळ नाहींच. एका म्हाताऱ्या स्टुअर्डच्या चिमुकल्या भूमिकेंत क्षणभर डोकावतो. मुख्य भूमिका मार्लन ब्रँडो आणि सोफिया लोरेन यांच्या. तरी हें चित्र पडलें आणि फसलेंहि. सत्त्याहत्तर वर्षांचा हा दिग्दर्शक प्रत्येक हालचाल स्वतः करून दाखवी आणि नटांनीं ती जशीच्या तशी उचलावी अशी अपेक्षा ठेवी. ब्रँडोसारखा नट दुसऱ्याच्या अंगावर बेतलेला अंगरखा घालून कसा वावरणार? चॅप्लिन पडद्यावर नव्हता, पण पडद्यावरचा प्रत्येकजण चॅप्लिन होण्याची धडपड करीत होता.

या ब्रँडोनेंहि त्यापूर्वीं दिग्दर्शनाचा एक प्रयोग करून पाहिला होता. 'वन-आइड जॅक्स' हें चित्र आधीं स्टॅन्ले कुब्रिक करणार होता. चित्रणास आरंभ होण्याच्या थोडें आधीं तो बाजूला झाला आणि ब्रँडोनें तें काम स्वतःच्या अंगावर घेतलें. दोन दरोडेखोर मित्र; एकजण दुसऱ्याला दगा देऊन सोनें घेऊन पळतो, दुसरा पांच वर्षें तुरुंगांत काढतो, आणि सुटून येऊन पाहतो तों दगाबाज मित्र समुद्रकांठच्या गांवीं शेरीफ होऊन बसलेला! कथेंत दम आहे यांत शंका नाहीं. परंतु मनासारखी लाट उठेपर्यंत दिग्दर्शकानें किनाऱ्यावर सगळा ताफा ताटकळत ठेवावा, असें चाललें. दहा लाख फुटांहून अधिक फिल्म खर्चीं पडली. वीस लाख डॉलरांच्या आंत व्हावयाचें काम साठ लाखांच्या घरांत गेलें. पहिली जुळणी साडेचार तासांहून लांब झाली. अखेर पॅरामाउंट कंपनीनें कात्री आपल्या हातीं घेतली, शेवटहि बदलला, आणि १९६१ सालीं १४१ मिनिटांचें चित्र बाहेर पडलें. खर्च भरून येण्याइतका पैसा त्यानें मिळविला नाहीं. ब्रँडोनें पुन्हां कधीं दिग्दर्शन केलें नाहीं. २०१६ सालीं त्याची नवी सुधारलेली प्रत निघाली, ती पाहतांना आम्हांला असें वाटलें कीं, हें अर्धें फसलेलें चित्र आहे. जेथें ब्रँडो कार्ल माल्डेनकडे पाहतो तेथें उत्तम, जेथें कॅमेरा केवळ ब्रँडोकडे पाहतो तेथें संथ. भरचौकांत चाबकाचे फटके खाण्याचा प्रसंग त्यानें केवढ्या चवीनें रंगविला आहे! नट-दिग्दर्शकांना पडद्यावर स्वतःचे हाल करून घेण्याची जी हौस असते, तिच्यावर कोणीतरी स्वतंत्र प्रबंध लिहावयास हरकत नाहीं.

आतां आपल्या घरचें एक उदाहरण घेऊं. तें आम्हांला सर्वांत बोलकें वाटतें, कारण त्यांत कथा एक, दिग्दर्शकहि एक, आणि बदललें आहे तें एवढेंच कीं, दुसऱ्या वेळीं दिग्दर्शक पडद्यावर आला. व्ही. शांताराम हे मुळांत नट. बाबूराव पेंटरांच्या 'सावकारी पाश' (१९२५) मधला तरुण शेतकरी त्यांनींच रंगविला होता. प्रभातच्या वैभवाच्या काळांत मात्र 'कुंकू', 'माणूस', 'शेजारी' यांत ते कॅमेऱ्याच्या मागेंच राहिले. प्रभात सोडून राजकमलची स्थापना केल्यावर १९४३ सालीं त्यांनीं 'शकुंतला' काढलें. शकुंतला जयश्री, दुष्यंत चंद्रमोहन. मुंबईच्या स्वस्तिक चित्रगृहांत तें १०४ आठवडे चाललें. पुढें अठरा वर्षांनीं, १९६१ सालीं, त्यांनीं तीच कथा 'स्त्री' या नांवानें पुन्हां घेतली. शकुंतला संध्या, आणि दुष्यंत, साठीच्या उंबरठ्यावर असलेले स्वतः शांताराम. 'शकुंतला'ची सर या चित्राला आली नाहीं. वयाचा प्रश्न आम्ही सोडून देतों. रंगभूमीवर याहून मोठ्या वयाचे दुष्यंत आपल्या वडिलांनीं आनंदानें पाहिले आहेत. पण या कथेचें मर्म असें कीं, राजा विसरतो, आणि तो विसरला असतां सर्व प्रकाश शकुंतलेवर पडावा लागतो. विसरणारा राजाच जर दिग्दर्शक असला, तर त्याला स्वतःला विसरणें फार जड जातें.

यावर कोणी 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) पुढें करील, आणि तें योग्यच होईल. तेथेंहि शांताराम नायक आहेत, बैलाशीं झुंजतांना त्यांचा डोळा जायबंदी झाला, आणि चित्र बर्लिनच्या महोत्सवांत गौरविलें गेलें. परंतु तो जेलर सहा कैद्यांकडे सतत पाहत असतो. पाहणें हेंच त्याचें काम, किंबहुना चित्राचें नांवच तें आहे. दिग्दर्शकानें स्वतःकरितां जणूं दिग्दर्शकाचीच भूमिका लिहिली होती.

राज कपूरच्या 'मेरा नाम जोकर'ची कैफियत बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यांत सांगतों. सहा वर्षें खपून, कर्ज काढून, चार तासांहून लांब आणि दोन मध्यंतरांचें असें हें चित्र डिसेंबर १९७० मध्यें प्रकाशित झालें आणि आपटलें. सर्कशींतल्या विदूषकाच्या तीन प्रेमकथा त्यांत आहेत. पहिलींत विदूषक शाळकरी मुलगा आहे, तें काम ऋषि कपूरनें केलें. आणि तोच भाग सगळ्यांच्या स्मरणांत राहिला. राज कपूर स्वतः पडद्यावर आला कीं विदूषकाचीं आसवें वाढत जातात, आणि प्रेक्षकाचीं कमी होत जातात. बाप आपल्या मुलाकडे जितक्या स्वच्छ नजरेनें पाहूं शकला तितक्या नजरेनें स्वतःकडे पाहूं शकला नाहीं. त्यानंतर त्यानें स्वतःच्या दिग्दर्शनाखालीं नायकाचें काम पुन्हां केलें नाहीं. १९७३ सालीं 'बॉबी' आलें, त्यांत नायक ऋषि होता, आणि त्या चित्रानें घर सांवरलें. पुढें 'जोकर'चेहि चाहते निर्माण झाले. आम्ही त्यांपैकीं निम्मे आहोंत, म्हणजे पहिल्या मध्यंतरापर्यंतचे.

पण ज्याच्यासाठीं आम्ही हा लेख लिहावयास बसलों तो चार्ल्स लॉटन. 'म्यूटिनी ऑन दि बाउंटी' (१९३५) मधला क्रूर कॅप्टन ब्लाय आणि 'दि हंचबॅक ऑफ नोत्र दाम' (१९३९) मधला कुबडा ज्यांनीं पाहिला त्यांना त्याचें सामर्थ्य सांगावयास नको. १९३३ च्या 'दि प्रायव्हेट लाइफ ऑफ हेन्री दि एट्थ' या चित्रासाठीं त्याला ऑस्करहि मिळालें होतें. पन्नाशी उलटल्यावर त्यानें एकच चित्र दिग्दर्शित केलें: 'दि नाइट ऑफ दि हंटर' (१९५५). डेव्हिस ग्रब याची कादंबरी, पटकथा जेम्स एजी याची, आणि खर्च आठ लाख डॉलरांच्या आंतबाहेर. मंदीच्या काळीं ओहायो नदीच्या कांठीं एक खुनी धर्मोपदेशक, त्याच्या एका हाताच्या बोटांवर 'प्रेम' आणि दुसऱ्यावर 'द्वेष' गोंदलेला, चोरीच्या दहा हजार डॉलरांसाठीं एका विधवेशीं लग्न लावतो. ते पैसे तिच्या लहान मुलीच्या बाहुलींत लपविलेले आहेत. आई मारली जाते आणि दोन पोरें होडींत बसून नदीनें पळतात.

या चित्रांत लॉटन कोठेंहि नाहीं. उपदेशकाचें काम त्याच्यासारख्या नटाच्या तोंडाला पाणी सुटावें असें आहे. पण तें त्यानें रॉबर्ट मिचमला दिलें. चित्रणापूर्वीं तो ग्रिफिथचे जुने मूकपट पुन्हां पाहत बसला, आणि त्याच पटांतली नायिका लिलियन गिश हिला त्यानें पोरांना आसरा देणाऱ्या म्हातारीच्या भूमिकेसाठीं बोलावलें. छायालेखक स्टॅन्ले कॉर्टेझ याच्या कृष्णधवल चित्रणांत नदी, कोळ्याचें जाळें, बेडूक, ससे हे सर्व पोरांच्या डोळ्यांनीं पाहिलेले दिसतात. पोरें गवताच्या माळ्यावर झोपलीं आहेत आणि दूर क्षितिजावर घोड्यावरून उपदेशक गात चालला आहे, हें दृश्य तर स्टुडिओंतच, लहान तट्टावर एक खुजा माणूस बसवून घेतलेलें आहे! पुण्यांत एका फिल्म सोसायटीच्या खेळांत आम्हीं तें प्रथम पाहिलें, तेव्हां शेजारीं बसलेले एक वयस्क गृहस्थ श्वास रोखून राहिले होते, हें आम्हांला अजून आठवतें.

१९५५ सालीं मात्र रंगीत आणि रुंद पडद्यांची लाट होती, आणि हें ना भयपट ना परीकथा असें विचित्र कृष्णधवल चित्र कोणाला नको होतें. तें साफ पडलें. लॉटन पुढें नॉर्मन मेलरच्या 'दि नेकेड अँड दि डेड' या कादंबरीवर चित्र करणार होता. तें काम त्याच्या हातून गेलें आणि १९५८ सालीं राउल वॉल्शनें केलें. १९६२ सालीं लॉटन वारला. त्याचें चित्र राष्ट्रीय ठेव्याच्या यादींत गेलें तें १९९२ सालीं, त्याच्या मृत्यूला तीस वर्षें झाल्यावर. कीटनजवळ आधींचीं चित्रें होतीं, राज कपूरजवळ 'बॉबी' होतें, ब्रँडोला नटाचा धंदा होता. लॉटनलाहि तो होताच. पण ब्रँडोजवळ दिग्दर्शनाचें असें गमावण्यासारखें फारसें नव्हतें, लॉटनजवळ होतें.

त्याची पत्नी एल्सा लँचेस्टर हिनें चित्रणांतून उरलेली फिल्म डबे भरून जपून ठेवली होती, ती पुढें तिनें एका संस्थेला दिली. ती कित्येक तासांची आहे. तींत लॉटन एका दृश्यानंतर कॅमेरा बंद न करतां पुढच्या प्रयत्नास लागे, त्यामुळें मध्यंतरीचें सगळें बोलणें फिल्मवर राहिलें आहे. पडद्यावर तो दोन पोरांचा चेहरा, आणि बाजूनें त्याचा जाडसर, मऊ आवाज येतो. तो एक वाक्य म्हणून दाखवितो, पोरगा तें म्हणतो, तो पुन्हां सांगतो, पोरगा पुन्हां म्हणतो.