आरोपीचा पिंजरा : न्यायालयातील एका चौकटीचा इतिहास

१/ एखाद्या नेत्यावर वा संस्थेवर जाहीर ठपका आला की मराठी वृत्तपत्रे लिहितात, ‘अमुक आरोपीच्या पिंजऱ्यात.’ हा शब्दप्रयोग इतका अंगवळणी पडला आहे की त्यातील ‘पिंजरा’ या शब्दापाशी आपण थबकत नाही. पिंजरा पशुपक्ष्यांसाठी असतो. ज्याचा गुन्हा अद्याप सिद्ध व्हायचा आहे, अशा माणसाच्या न्यायालयातील जागेला हे नाव का असावे? आजचा धागा या जागेच्या इतिहासाविषयी. थोडा दीर्घ आहे, सवडीने वाचावा.

२/ इंग्रजीत या जागेला ‘डॉक’ म्हणतात. कोशकार हा शब्द एका फ्लेमिश शब्दाशी जोडतात. त्याचा अर्थ कोंबड्या किंवा ससे कोंडण्याचे खुराडे. म्हणजे मराठी ‘पिंजरा’ मूळ अर्थाच्या जवळच आहे. आपल्याकडे साक्षीदारही पिंजऱ्यातच उभा राहतो. पण साक्ष संपली की तो बाहेर पडतो. आरोपीचे बाहेर पडणे निकालावर अवलंबून असते.

३/ ही जागा महत्त्वाची का? न्याय्य खटल्याच्या चार किमान अटी मानल्या जातात. आरोपीला आपल्याविरुद्धचा पुरावा ऐकता यावा. त्याला उत्तर देता यावे. आपल्या वकिलाशी खासगीत बोलता यावे. आणि निकालापर्यंत त्याला निर्दोष मानले जावे. या चारही अटी कायद्याच्या पुस्तकात असतात. त्या पाळल्या जातात की नाही, हे बऱ्याचदा आरोपी कुठे आणि कसा बसला आहे यावर ठरते.

४/ लंडन, १६७०. क्वेकर पंथाच्या प्रार्थनागृहाला सरकारने टाळे ठोकले, म्हणून विल्यम पेन याने ग्रेसचर्च रस्त्यावर उभे राहून प्रवचन दिले. वय वर्षे २५. बेकायदा जमाव व शांतताभंगाच्या आरोपाखाली त्याच्यावर आणि सहकारी विल्यम मीड याच्यावर ओल्ड बेली येथे खटला उभा राहिला. पेनने न्यायाधीशांना विचारले : माझ्यावरील आरोप नेमका कोणत्या कायद्याखाली आहे? समाधानकारक उत्तर मिळेना, आणि पेन प्रश्न सोडेना.

५/ तेव्हा त्याला ‘बेल-डॉक’मध्ये ढकलण्यात आले. न्यायालयाच्या कोपऱ्यात आडोसा करून बंदिस्त केलेली ही जागा. तेथून कामकाज नीट दिसत नव्हते. दोघांना तिथे कोंडून न्यायाधीश ज्यूरीला खटला समजावून देऊ लागले. पेन आतून ओरडला : कैद्यांच्या गैरहजेरीत ज्यूरीपुढे बोलणे कायद्याविरुद्ध आहे! एकाच इमारतीत, काही पावलांवर असूनही आरोपी ‘गैरहजर’ असू शकतो, हा मुद्दा इतक्या स्पष्टपणे मांडला गेल्याचे हे जुने उदाहरण.

६/ इथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने एक सावधगिरी बाळगावी. या खटल्याचा प्रसिद्ध वृत्तान्त आरोपींच्या बाजूने छापला गेला होता, त्यामुळे संवाद शब्दशः तसेच घडले असे गृहीत धरू नये. पुढील घटना मात्र निर्विवाद आहे. ज्यूरीने दोषी ठरवण्यास नकार दिला. अन्नपाण्याविना कोंडूनही ती बधली नाही. ज्यूरींना दंड झाला, तो नाकारणारा एडवर्ड बुशेल व त्याचे काही सोबती तुरुंगात गेले. अखेर त्याच वर्षी मुख्य न्यायाधीश व्हॉन यांनी निर्णय दिला : निकालासाठी ज्यूरीला शिक्षा करता येणार नाही.

७/ अठराव्या शतकात ब्लॅकस्टोन या विधिज्ञाने जुन्या ग्रंथांच्या आधारे एक नियम नोंदवला : आरोप कितीही गंभीर असो, पळून जाण्याचा उघड धोका नसेल तर कैद्याला न्यायालयात बेड्यांविना उभे करावे. यामागे व्यावहारिक विचार होता. त्या काळी गंभीर गुन्ह्यांत आरोपीला पूर्ण वकिली साहाय्य मिळत नसे. तो हक्क इंग्लंडमध्ये १८३६ च्या कायद्याने आला. तोवर आरोपीला स्वतःच बोलावे लागे, आणि साखळदंडाच्या ओझ्याखाली मन व वाणी स्थिर राहणे कठीण.

८/ यातून एक विसंगती जन्मली. वकील आले तसा आरोपी गप्प होत गेला. त्याच्या वतीने दुसरा बोलतो, मग त्याला मागे, कठड्यात ठेवले तरी चालेल, असा समज रूढ झाला. वकील पुढे, अशील मागे. मध्ये कठडा आणि पोलीस. अमेरिकेत सर्वसाधारणपणे आरोपी वकिलाशेजारीच टेबलापाशी बसतो. ब्रिटिश साम्राज्यात मात्र ‘डॉक’ची रचना दूरवर पोहोचली. भारतातही.

९/ मुंबई उच्च न्यायालय, जुलै १९०८. ‘केसरी’तील लेखांवरून लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला. जामिनासाठी तरुण बॅरिस्टर महंमद अली जीना यांनी युक्तिवाद केला. न्यायमूर्ती दावर यांनी तो फेटाळला. (१८९७ च्या खटल्यात टिळकांच्या जामिनासाठी वकील म्हणून उभे राहिलेले हेच ते दावर.) टिळकांनी आपली बाजू स्वतः मांडली, अनेक दिवसांत मिळून ते सुमारे २१ तास बोलले. ज्यूरीने सात विरुद्ध दोन मतांनी दोषी ठरवले, सहा वर्षांची शिक्षा झाली.

१०/ या खटल्यावर पुष्कळ आक्षेप घेता येतात. ज्यूरीची घडण हा त्यातला मोठा. तरी एक गोष्ट नोंदवावी लागते : आरोपी उपस्थित होता, बोलत होता, आणि त्याचे बोलणे नोंदले जात होते. शिक्षेपूर्वी टिळकांनी आपण निर्दोष असल्याचे जे अखेरचे निवेदन केले, ते १९५६ मध्ये त्याच न्यायदालनाबाहेर संगमरवरावर कोरले गेले. आरोपीला बोलू दिले, म्हणून ते शब्द आज आपल्याकडे आहेत. आता याच्या अगदी उलट चित्र पाहू.

११/ लाहोर, १९२९. साँडर्सच्या वधाचा खटला दंडाधिकाऱ्यापुढे सुरू झाला. आरोपींत भगतसिंग, सुखदेव आणि पुढे पुण्यात पकडले गेलेले खेडचे शिवराम हरी राजगुरू. तुरुंगातील वागणुकीविरुद्ध आरोपींनी अन्नत्याग केला. १३ सप्टेंबरला, ६३ व्या दिवशी, जतीन दास यांचा मृत्यू झाला. उपोषणाने क्षीण झालेले आरोपी न्यायालयात येऊ शकत नव्हते आणि खटला रखडत होता. सरकारने यावर एक उपाय काढला.

१२/ केंद्रीय विधिमंडळात विधेयक आले : आरोपीने स्वतःच्या कृतीने स्वतःला हजर राहण्यास असमर्थ केले, तर खटला त्याच्या गैरहजेरीत चालवता यावा. १९०८ मध्ये टिळकांच्या जामिनासाठी उभे राहिलेले जीना आता सभागृहात उभे राहिले. या तरुणांचा मार्ग त्यांना मान्य नव्हता. पण आरोपीविना चालणारा खटला ही न्यायाची थट्टा ठरेल, अशी त्यांची भूमिका होती. विरोध पाहून सरकारने विधेयक तेव्हा पुढे रेटले नाही.

१३/ ऑक्टोबरमध्ये जयगोपाल हा माफीचा साक्षीदार साक्षीला आला. त्याच्या वागण्याने चिडून प्रेमदत्त या कोवळ्या वयाच्या आरोपीने त्याच्यावर चप्पल फेकली. कृत्य एकाचे, पण न्यायालयात बेड्या घालण्याचा आदेश सर्वांना! आरोपींनी तसे बसण्यास नकार दिला. बेडीत अडकलेल्या हाताने टिपणे घेता येत नाहीत, कागद चाळता येत नाहीत. आत्मसन्मानाइतकाच हा बचावाचाही प्रश्न होता.

१४/ १ मे १९३०. व्हाइसरॉय आयर्विन यांनी वटहुकूम काढून तीन न्यायाधीशांचे विशेष न्यायाधिकरण नेमले. त्याच्या निकालावर उच्च न्यायालयात अपील नाही. आणि विधिमंडळात जे साधले नाही ते वटहुकुमात आले : आरोपींच्या गैरहजेरीत खटला चालवण्याचा अधिकार. वटहुकुमाची मुदत सहा महिने, म्हणून त्याआधी निकाल लागणे सरकारला आवश्यक होते.

१५/ १२ मे रोजी आरोपींनी न्यायालयात घोषणा दिल्या, गीत गायले. अध्यक्ष कोल्डस्ट्रीम यांनी बेड्या घालून त्यांना बाहेर नेण्याचा आदेश दिला, आणि न्यायाधीशांच्या डोळ्यांदेखत पोलिसांनी आरोपींना मारहाण केली. तिघांपैकी न्यायमूर्ती आगा हैदर यांनी लेखी नोंद केली की या आदेशात आपला सहभाग नाही आणि त्यानंतर घडलेल्या प्रकारापासून आपण अलिप्त आहोत. पुढच्याच महिन्यात न्यायाधिकरणाची पुनर्रचना झाली. त्यात आगा हैदर नव्हते.

१६/ त्यानंतर आरोपी न्यायालयात आले नाहीत. सरकार पक्षाचे चारशेहून अधिक साक्षीदार तपासले गेले; बहुतेकांची उलटतपासणी झालीच नाही. ७ ऑक्टोबर १९३० रोजी निकाल : भगतसिंग, सुखदेव, राजगुरू यांना फाशी. वटहुकुमाला दिलेले आव्हान लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने फेटाळले. २३ मार्च १९३१ चा दिवस आपण जाणतो. आरोपींनी साँडर्सवर गोळ्या झाडल्या की नाही, हा प्रश्न इथे वेगळा ठेवावा. ज्यांचे प्राण घ्यायचे, त्यांच्याविना पुरावा ऐकला गेला, एवढी एकच गोष्ट या खटल्याला कायमची डागाळून गेली.

१७/ स्वातंत्र्यानंतर बेड्यांचा प्रश्न पुन्हा आला. तिहारमधील एका कच्च्या कैद्याने सर्वोच्च न्यायालयाला तार केली : न्यायालयात नेता-आणताना मला हातकड्या घालतात. १९८० मध्ये ‘प्रेमशंकर शुक्ला विरुद्ध दिल्ली प्रशासन’ या निकालात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी सरसकट हातकड्या घालणे अमानुष ठरवले. आरोप गंभीर आहे एवढे कारण पुरेसे नाही. पळून जाण्याचा खरा धोका असावा आणि कारणे लेखी नोंदवावीत, असे ते तत्त्व. ब्लॅकस्टोनने नोंदवलेला नियम दोन शतकांनी, आता घटनेच्या अनुच्छेद २१ च्या आधारे, पुन्हा उच्चारला गेला.

१८/ रशियात १९९० च्या दशकात न्यायालयांत लोखंडी पिंजरे सर्रास आले. मगदानच्या दोन आरोपींचे प्रकरण स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयात पोहोचले. १७ जुलै २०१४ रोजी तेथील सर्वोच्च पीठाने निर्णय दिला की माणसाला न्यायालयात धातूच्या पिंजऱ्यात ठेवणे हेच मुळात मानहानिकारक आहे. सुरक्षेच्या कारणानेही त्याचे समर्थन होऊ शकत नाही. गजांआड दिसणाऱ्या माणसाला निर्दोष मानणे पाहणाऱ्याला किती अवघड जाते, याचीही चर्चा या प्रकरणात झाली.

१९/ मग गजांऐवजी काच आली. काच सभ्य दिसते, पण ती आवाज अडवते. इजिप्तचे पदच्युत अध्यक्ष मोहम्मद मोर्सी यांना २०१४ मध्ये ध्वनिरोधक काचेच्या पिंजऱ्यात उभे केले गेले. त्यांचा आवाज बाहेर पोहोचू द्यायचा की नाही, हे न्यायालयाच्या हाती. १७ जून २०१९ रोजी सुनावणीच्या वेळीच कोसळून त्यांचा मृत्यू झाला. इंग्लंडमध्येही अनेक न्यायालयांत काचेचे ‘डॉक’ आहेत; ते बंद करावेत, अशी मागणी ‘जस्टिस’ या विधिविषयक संस्थेने २०१५ मध्ये केली.

२०/ दुसरी बाजूही पाहू. पालेर्मो, १९८६. माफियाविरुद्धच्या महाखटल्यासाठी तुरुंगालगत भक्कम न्यायालय बांधले गेले. भिंतींलगत आरोपींचे पिंजरे. साक्षीदारांच्या आणि न्यायाधीशांच्या जिवाला खरोखर धोका होता. तरीही सुमारे दोन वर्षे पुरावा तपासला गेला, आणि ३३८ जण दोषी ठरले तेव्हा ११४ निर्दोष सुटले. म्हणजे पिंजरा असला की निकाल आधीच ठरलेला, असे समीकरण मांडता येत नाही. पण ते ११४ जणही निर्दोष सुटेपर्यंत गजांआडूनच जगाला दिसत होते, हेही विसरू नये.

२१/ हा विषय जुना झालेला नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३(३) ने काही गुन्ह्यांत अटक करताना व न्यायालयात हजर करताना हातकडी वापरण्याची मुभा पोलिसांना दिली आहे. कलमाची भाषा पाहण्यासारखी आहे : त्यात तो गुन्हा ‘केलेली’ व्यक्ती म्हटले आहे, ‘आरोप असलेली’ व्यक्ती म्हटलेले नाही. खटला अजून सुरूही झालेला नाही, आणि क्रियापदाने निकाल देऊन टाकला आहे. १९८० च्या निकालाशी याचा मेळ कसा बसतो, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

२२/ दुसरीकडे, अनेक कच्चे कैदी आता तुरुंगातूनच पडद्यावर ‘हजर’ होतात. प्रवास वाचतो, हातकडीही टळते. पण आवाज तुटला तर? वकिलाच्या कानात काही सांगायचे असेल तर? पेनने बेल-डॉकमधून विचारलेला प्रश्न हाच होता : मी इथे आहे, पण तुमच्या दृष्टीने हजर आहे का?

२३/ यापुढे एखाद्या खटल्याचे छायाचित्र वा जुने रेखाचित्र पाहाल तेव्हा न्यायाधीशाच्या उंच आसनाआधी आरोपीची जागा शोधा. त्याचा वकील त्याच्यापासून किती अंतरावर आहे? त्याचे हात मोकळे आहेत का? त्याला ऐकू येत असेल का? निकालपत्र वाचण्यापूर्वीच त्या खटल्याविषयी बरेच काही कळेल.

धागा समाप्त. आपल्या जिल्ह्यातील जुन्या न्यायालयाच्या इमारतीत आरोपीचा कठडा कुठे व कसा आहे, हे ठाऊक असल्यास खाली अवश्य लिहावे.